बुरशीचे प्रश्न : ओंडक्यापासून बुबुळापर्यंत

पत्रं वेगवेगळी येतात, गोंधळ मात्र तोच. बुरशी म्हणजे सगळी एकच, आणि तिच्यावर दुकानात कुठलं तरी एकच औषध मिळतं! मातीतली, लाकडातली, डोळ्यातली, सगळी एकाच माळेत. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

आंब्याच्या कुजक्या ओंडक्यावर पांढऱ्या छत्र्या आल्यात, अगदी धिंगरीसारख्या. फोटो पाठवला आहे. भाजी केली तर चालेल?

नाही. फोटोवरून खात्री प्रयोगशाळेत बुरशी तपासणाऱ्या मलाही देता येत नाही.

डाळिंबाला मर लागली आहे. ठिबकमधून ट्रायकोडर्मा सोडला, सोबत कार्बेन्डाझिमही दिलं. तरी झाडं वाळतातच.

ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला दाबणारी. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात मिसळलीत की आधी तीच मरते. पैसे दोन्हीकडून गेले. दुकानदाराने दोन्ही पुडे एकत्र बांधून दिले असतील, तर त्याने त्याचा धंदा केला. शिवाय मर हा काही एकच रोग नव्हे. सेरॅटोसिस्टिस किंवा फ्युजेरियम ही बुरशी असू शकते, मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असू शकतात, खोडात भुंगेऱ्याने पाडलेली छिद्रंही असू शकतात. वाळू लागलेल्या झाडाच्या खोडाचा जमिनीलगतचा तुकडा आडवा कापून बघा. आतलं लाकूड काळपट-करडं दिसलं, तर तो तुकडा, मुळ्या आणि माती घेऊन कृषी विज्ञान केंद्रात किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा. तोवर त्या झाडाला वापरलेली छाटणीची कात्री निर्जंतुक केल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका. पुढच्या वेळी ट्रायकोडर्माचा पुडा घेताना नोंदणी क्रमांक, मुदत आणि ग्रॅमला किमान 20 लाख जिवंत घटक असल्याची नोंद वाचा. दुकानाबाहेर उन्हात रचलेला पुडा फुकट मिळाला तरी नको.

बुरशीच्या एन्झाइमवर कारखाने चालतात म्हणे. मग संत्र्याच्या सालींच्या घरगुती बायोएन्झाइमने माडीच्या वाशांची कूज थांबेल का?

कारखान्यांचं खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू एका बुरशीने खाल्ले. तीच ट्रायकोडर्मा रीसाय. तिचं सेल्युलेज नावाचं एन्झाइम आज जीन्सना जुनाट रूप द्यायला वापरतात. पण सेल्युलेज लाकडातला सेल्युलोज तोडतं, म्हणजे कूज वाढवायचंच काम करतं! आणि तुमच्या बाटलीत आहे ते गूळ-सालींचं आंबट पाणी. त्याने फरशी पुसा. वाशांसाठी कौलं शाकारा, गळती बंद करा. लाकडातली ओल 20 टक्क्यांखाली राहिली की लाकूड कुजवणारी बुरशी वाढत नाही. वासा टोचल्यावर दाभण सहज आत जात असेल, तर मात्र जाणत्या सुताराला किंवा अभियंत्याला दाखवल्याशिवाय माडीवर वजन ठेवू नका.

पाचट काढताना वडिलांच्या डोळ्यात उसाचं पातं लागलं. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, लाली उतरली. आता बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. गावात मध घाला म्हणतात.

हे वाचायचं थांबवा आणि आजच नेत्रतज्ज्ञाकडे जा. बाकीचं वाटेत वाचा.

मी डोळ्यांची डॉक्टर नाही, पण बुबुळावरून खरवडलेला नमुना माझ्या टेबलावर येतो. त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फ्युजेरियमचे किंवा अॅस्परजिलसचे फाटे फुटलेले धागे थोड्याच वेळात दिसू शकतात. ही मातीतली, पाचटातली नेहमीची बुरशी. पात्याने बुबुळाला ओरखडा काढला की तिला आत शिरायला वाट मिळते. व्रण काही दिवसांनी दिसतो, त्याच्या कडा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात.

दुकानातल्या कित्येक थेंबांत अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, दुखणं कमी होतं, माणूस म्हणतो गुण आला. खाली बुरशी मोकाट वाढत असते. नमुना उशिरा येतो तो बहुतेक याच पायी. मग डोळ्यात फूल पडतं, किंवा बुबुळाला भोक पडून डोळाच जातो. मध, बाळंतिणीचं दूध, कांद्याचा रस, यातलं काहीही नको. चिठ्ठीशिवाय असे थेंब काढून देणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

यावर औषध आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या चाचणीत 5 टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचं औषध महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरलं, विशेषतः फ्युजेरियमवर. पण सुरुवातीला ते तासातासाला घालावं लागतं, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. ते कधी बंद करायचं हे डॉक्टर ठरवतील. आणलेली बाटली सोबत न्या, म्हणजे आत काय गेलंय ते त्यांना कळेल. आणि पाचटात उतरणाऱ्या प्रत्येकाला साधा प्लास्टिकचा चष्मा द्या.

कंपोस्टच्या काळ्या बुरशीने 2021 सारखा म्युकर होतो का?

धडधाकट माणसाला सहसा नाही. साखर ताब्यात नसेल किंवा स्टेरॉइड चालू असेल, तर खत दुसऱ्याला चाळू द्या आणि डॉक्टरांना विचारा.

सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याला चकचकीत तांबूस टोप आलेत. खरवडून बोर्डोपेस्ट लावली. पुरेसं आहे?

नाही. ही बहुधा लाकूड कुजवणारी गॅनोडर्मा बुरशी. टोप बाहेर दिसतो तोवर आतलं लाकूड बरंच खाऊन झालेलं असतं. लाकडी हातोडीने बुंधा ठोका. पोकळ आवाज आला, तर खाली गाड्या लावणं आजपासून बंद, आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी अर्ज करा. 1975 च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगीशिवाय फांदीलाही हात लावू नका. अर्जाची पोच मात्र घ्या, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत घ्या.