पोरगी शिकागोला, घर बँकेकडे

प्रश्न : मॅडम, नमस्कार. अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. आता तिला शिकागोच्या डीपॉल युनिव्हर्सिटीतून डेटा सायन्सच्या एमएससाठी प्रवेशाचं पत्र आलंय. नेटवर बघितलं तर ही कॅथलिक युनिव्हर्सिटी, वर प्रायव्हेट. थोरले बंधू म्हणतात, चर्चवाल्यांच्या हातात पोरगी देतोस का, उद्या गळ्यात क्रॉस घालून येईल. मेव्हणे म्हणतात, प्रायव्हेट म्हणजे डोनेशन भरा आणि डिग्री घ्या, असलंच असणार. बँकेनं तारण मागितलंय. होटगीकडं थोडं शेत आहे आणि पेठेत वडिलोपार्जित घर, पण त्यावर आम्हा तिघा भावांची नावं. मिसेसची काळजी वेगळीच, आम्ही पूर्ण शाकाहारी. पाठवावं का?
– एक पालक, सोलापूर

उत्तर : थोरल्या बंधूंपासून सुरुवात करते, कारण घर तारण ठेवायचं झालं तर त्यांचीही सही लागणार आहे.

डीपॉल हे नाव व्हिन्सेंट दी पॉल या फ्रेंच धर्मगुरूचं. १५८१ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला माणूस. गोरगरिबांत काम करण्यासाठी त्यानं १६२५ मध्ये पाद्र्यांचा एक संघ काढला. त्याच संघाच्या लोकांनी १८९८ मध्ये शिकागोत एक कॉलेज सुरू केलं आणि १९०७ मध्ये त्याचं डीपॉल विद्यापीठ झालं. तेव्हाचं शिकागो म्हणजे कत्तलखाने, पोलादाच्या भट्ट्या आणि पोटासाठी आयर्लंड, जर्मनी, पोलंडहून आलेली माणसं. आपल्या जुन्या मिलच्या आसपास तेलंगणातून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं वसली, तसंच ते. या कामगारांच्या पोरांना मोठ्या नावाच्या विद्यापीठांत कोण उभं करणार? त्यांच्यासाठी हे दार उघडलं. १९०७ च्या सनदेतच विद्यार्थ्यांना किंवा शिक्षकांना धर्माची अट नसेल असं ठरलं होतं. १९११ पासून बायकाही तिथं शिकू लागल्या, आणि त्या काळी कॅथलिक संस्थांत ही गोष्ट अगदीच दुर्मीळ होती.

आज विद्यार्थीसंख्येनं अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कॅथलिक विद्यापीठांपैकी हे एक. वीस हजारांच्या आसपास मुलं. अध्यक्षाच्या खुर्चीत पूर्वी कायम पाद्री असत. २०१७ मध्ये गॅब्रिएल एस्टेबान हे पाद्री नसलेले पहिले अध्यक्ष आले, आणि २०२२ पासून तिथं असलेले रॉबर्ट मॅन्युएल हेही पाद्री नाहीत. पदवीच्या मुलांना धर्मविषयक अभ्यासाचा थोडा भाग घ्यावा लागतो. त्यात हिंदू, बौद्ध, इस्लाम असे विषयही निवडता येतात. तुमची लेक एमएसला चालली आहे. तिच्या वाट्याला स्टॅटिस्टिक्स, डेटाबेस आणि मशीन लर्निंग येईल. तिथं चर्च आहे, प्रार्थना होतात, पण ज्याला जायचं तो जातो. मुस्लिम आणि ज्यू मुलांसाठीसुद्धा विद्यापीठानं माणसं नेमलेली आहेत.

लेकाकडे शिकागोला राहायला गेले होते तेव्हा मी त्या भागात भरपूर चालले आहे. डीपॉलच्या दोन जागा. लिंकन पार्कमधली झाडीची, होस्टेलांची. दुसरी शहराच्या मध्यात, ज्याला तिथं 'लूप' म्हणतात. कॉम्प्युटरचा विभाग या लूपमध्ये, वॉबॅश अव्हेन्यूवर, आणि त्या रस्त्यावर लोखंडी खांबांवरून लोकल धावते. गाडी आली की फोनवर बोलणारा माणूस गप्प उभा राहतो, ती गेली की पुढचं वाक्य. तिथून चालत काही मिनिटांवर मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटची इमारत आहे. ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद बोलले ते त्याच इमारतीत, आणि समोरच्या रस्त्याच्या तुकड्याला आज त्यांचं नाव आहे. हे थोरल्या बंधूंना जरूर सांगा. माझा अनुभव असा की एवढ्या एका माहितीवर पुष्कळ काके विरघळतात.

मेव्हण्यांचं थोडक्यात. अमेरिकेत 'प्रायव्हेट' म्हणजे मालकाच्या खिशात नफा जाणारी संस्था असंच काही नाही. डीपॉल ना-नफा तत्त्वावर चालतं, फी सगळ्यांना जाहीर असते, डोनेशनची सीट हा प्रकार नाही. त्याच शहरातलं युनिव्हर्सिटी ऑफ शिकागोही खासगीच. बघायची असते ती मान्यता. डीपॉलला हायर लर्निंग कमिशनची आहे, म्हणजे डिग्रीबद्दल निश्चिंत राहा. आणि सरकारी विद्यापीठ म्हणजे स्वस्त हे गणित तिथल्या राज्यातल्या मुलांचं. आपल्या पोरांना तिथंही जास्तीची फी पडते.

आता पैशाचं. तुमच्या घरात धर्मावर जेवढी चर्चा झाली त्याच्या निम्मी तरी यावर व्हायला हवी होती, असं पत्र वाचून मला वाटलं.

विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवेल. त्यावर फी, राहणं-खाणं, विमा धरून एका वर्षाचा अंदाजी खर्च छापलेला असतो. एजंटच्या तोंडचा आकडा सोडून द्या, त्या कागदावरचा धरा आणि कोर्स जितका लांब तितका पुढे मोजा. सरकारी बँका साधारण साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. शेतीचा सातबारा त्यासाठी सहसा चालत नाही, जमीन एनए, म्हणजे बिगरशेती लागते. तेव्हा होटगीचं शेत मनातून काढा. राहिलं पेठेतलं घर. प्रॉपर्टी कार्डावर तिघांची नावं म्हणजे तिघांच्या सह्या, वर वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन. जुन्या घरांत मोजणीचा आणि वारसनोंदीचा काहीतरी घोळ निघतोच, आणि सिटी सर्व्हे ऑफिसला फेऱ्या माराव्या लागतात. व्हिसाच्या तारखेआधी हे आवरायचं तर आत्ताच कामाला लागा.

समजा कर्ज ४० लाख, व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता महिन्याला ४३ हजारांच्या आसपास जातो. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. जमलं तर ते दरमहा भरत चला, नाहीतर हप्ता सुरू होईल तेव्हा आकडा आणखी फुगलेला असेल.

मुलगी म्हणेल, तिथं नोकरी लागली की दोन वर्षांत फेडते. लागू शकते. सध्याच्या नियमानं शिक्षणानंतर १२ महिने काम करता येतं आणि डेटा सायन्ससारख्या विषयाला आणखी २४ महिने मिळतात. त्यापुढं एच-१बी हा नोकरीचा व्हिसा हवा. तो वर्षाला साधारण ८५ हजार जणांना, आणि मागणारे त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळं निवड होते. त्यात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरकारनं नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर करून कंपन्यांना आणखी बिचकवलंय. म्हणून मी प्रत्येक घराला एकच हिशोब करायला लावते : पोरगी तीन वर्षांनी पुण्यात येऊन नोकरीला लागली, तर त्या पगारात हा हप्ता बसतो का? ओढाताण करून बसत असेल तरी जाऊ द्या. कारखान्याच्या सुताच्या पैशातून भरावा लागणार असेल, तर एवढं कर्ज काढू नका, असं मी स्पष्ट सांगते. टॉवेलच्या धंद्यातले वर-खाली तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आणखी एक गोष्ट, जी कौन्सेलर सांगणार नाही. २०२५ मध्ये डीपॉलला एमएसच्या वर्गांत नव्यानं येणारी परदेशी मुलं आदल्या वर्षीपेक्षा निम्म्याहूनही कमी झाली आणि विद्यापीठाला खर्च आवरायला घ्यावा लागला. विद्यापीठ बुडतंय असा याचा अर्थ काढू नका. पण तिचा कोर्स पूर्ण होईपर्यंत स्कॉलरशिप चालू राहील का, आणि लागणारे विषय दर सत्राला शिकवले जातील का, हे तिनं विभागाला ई-मेल करून लेखी विचारावं. मुलं कमी झाली की स्कॉलरशिप वाढवून मिळण्याचीही शक्यता असते, तेव्हा मागायला लाजू नका. आपण बाजारात पाच रुपयांच्या कोथिंबिरीला घासाघीस करतो आणि चाळीस लाखांना मान डोलावतो.

वहिनींसाठी. शिकागोच्या उत्तरेला डेव्हन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, उदबत्ती, सगळं मिळतं. लूपमधून रेड लाइननं लॉयोला स्टेशनला उतरायचं आणि १५५ नंबरची बस धरायची. (ते लॉयोला म्हणजेही एक कॅथलिक विद्यापीठच, जेझुइट नावाच्या पाद्र्यांच्या संघाचं. त्या शहरात कुठंही गेलात तरी एखादा संत भेटतोच.) विद्यापीठाच्या पूर्णवेळ मुलांना बस-रेल्वेचा पास असतो. शेंगाचटणी खुशाल द्या, फक्त विमानतळावर खाण्याचं सामान आहे हे तिनं सांगायचं, लपवायचं नाही. थंडीचा कोट मात्र इथून नेऊ नका. मिशिगन तळ्यावरून जो वारा येतो त्याला आपल्या नवी पेठेतलं स्वेटर पुरत नाही. तिथंच घ्यावा, सेलमध्ये.

तर पाठवावं का? चर्चच्या भीतीनं थांबवू नका. हप्त्याचा हिशोब तिला समोर बसवून करा. इंजिनिअर आहे, आकडे तिला तुमच्यापेक्षा लवकर कळतील.

प्रश्न : काकू, मी बार्शीची. बारावीला आहे. मला मुंबईच्या सेंट झेवियर्सला बीए करायचंय. ते कॅथलिक कॉलेज आहे म्हणून आम्हाला घेत नाहीत आणि घेतलं तर प्रार्थनेला बसवतात, असं मैत्रीण म्हणते. खरं आहे का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : झेवियर्स १८६९ पासूनचं, जेझुइट पाद्र्यांनी काढलेलं कॉलेज. राज्यघटनेच्या कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवता येतात, त्यामुळं तिथं ख्रिस्ती मुलांसाठी जागा राखीव असतात. उरलेल्या जागांवर तुझ्यासारख्या मुली दरवर्षी जातात. तिथं चुरस मार्कांची आहे. प्रार्थनेचं म्हणशील तर कलम २८ मध्येच लिहिलंय की सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत कुणाच्याही संमतीशिवाय त्याला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. मैत्रिणीला हा कलमाचा आकडा सांग.

फॉर्मची मुदत थोडी असते, म्हणून कॉलेजची वेबसाइट रोज बघ. राहण्याची सोय आधी शोध, मुंबईत खरी अडचण तीच. प्रवासाची चिंता करू नकोस. कुर्डुवाडीला रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलीस की सकाळी सीएसएमटी, आणि तिथून धोबी तलावापर्यंत चालत जाता येतं.