रेघ मारून ती भाकऱ्या टाकायला गेली

*मावशी, मी ४२ वर्षांची, डोंबिवलीत राहते, शाळेत चित्रकला शिकवते. चार वर्षं स्वतःचं म्हणून एकही चित्र केलं नव्हतं. यंदा मे महिन्यात कॉलेजातल्या मैत्रिणीकडे गुहागरजवळ तीन आठवडे राहिले आणि १९ जलरंग झाले! तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मला इकडची काडी तिकडे करू दिली नाही. तीही आमच्याच बॅचची, पण लग्नानंतर तिचं सुटलं. एकदा तिनं माझ्या हातातला ब्रश घेतला, गडग्याच्या कडेला एक रेघ मारली आणि हसून भाकऱ्या टाकायला गेली. परत येऊन महिना झाला, कागद पुन्हा कोराच. तिकडेच दोन गुंठे घ्यावेत का? नवरा म्हणतो, खूळ आहे.*

जागेचं आधी सांगून टाकते: घेऊ नकोस. निदान यंदा नको. मे महिन्यात कोकण बघून जागा घेणारे पुष्कळ असतात. जुलैत तिथे आठ दिवस राहून ये. कागद सर्द, दिलेला रंग वाळता वाळत नाही, त्यात वीज गेलेली. मग बोलू. तुझ्या नवऱ्याचं आणि माझं मत जुळलं हा योगायोग आहे, त्याला सांगायची गरज नाही.

जागेअभावी तुझं पत्र कापावं लागलं. पण मूळ पत्रात समुद्राला दोन ओळी आहेत आणि आयत्या ताटाला अर्धं पान. सकाळी आठला चहा, मग मऊभात, दुपारी सोलकढी, चारला कापलेला हापूस, आणि मध्ये कुणी ‘आज काय करायचं?’ असं विचारायला येत नाही. तू लिहिलंस, सुका जांभा विटकरी दिसतो आणि पाणी मारलं की आतून जांभळा होतो. अगं, हे दिसायला दगडासमोर तासभर बसावं लागतं, आणि कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बाईला तेवढं बसता येत नाही. तुला समुद्र पावला नाही, तो तास पावला.

तुझ्या आधी हे बऱ्याच जणांच्या बाबतीत घडलंय. १९०८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस जर्मनीत म्युनिकच्या दक्षिणेला मुर्नाउ नावाच्या गावी चार चित्रकार एकत्र राहिले: गाब्रिएले म्युन्टर, कँडिन्स्की, यावलेन्स्की आणि मारियाने फॉन वेरेफ्किन. उतरले होते खाणावळीत, म्हणजे रांधा-वाढा कुणाच्याच डोक्याशी नाही. म्युन्टर ३३ बाय ४१ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यांवर काम करायची, आणि कित्येक दिवशी तिची पाच-पाच अभ्यासचित्रं होत. निसर्ग दिसतो तसा उतरवणं सोडून त्याचा अर्क काढायला ती तिथे शिकली, असं पुढे तिनंच लिहून ठेवलंय. पुढच्या वर्षी तिनं तिथे घर घेतलं. (हे नवऱ्याला दाखवू नकोस.)

मला मात्र त्या चौघांतली वेरेफ्किन जास्त आठवते. ती रेपिन या नावाजलेल्या रशियन चित्रकाराची शिष्या. रशियात तिचं नाव झालं होतं. मग आपला जोडीदार यावलेन्स्की मोठा चित्रकार व्हावा म्हणून तिनं जवळजवळ दहा वर्षं ब्रश बाजूला ठेवला. घर तिच्या पेन्शनवर चालायचं. मुर्नाउला आली त्याच्या थोडंच आधी तिनं पुन्हा रंगवायला घेतलं होतं.

आता तुझं पत्र तू स्वतः एकदा वाच. ‘त्या दोघांनी मला काही करू दिलं नाही,’ असं लिहिलंयस, पण त्यातला तिचा नवरा नेमकं काय करत होता हे मला कुठे सापडलं नाही. मे महिन्यात कोकणातल्या घरात काय असतं हे तुला मी सांगायला नको. आंब्याची आढी रोज चाळायची, रातांबे फोडून आमसुलं उन्हात घालायची, पावसाआधी लाकडं आत घ्यायची. त्यात तीन आठवड्यांची पाहुणी. तुझे १९ कागद तिच्या ओट्यावरून आलेत. ती रेघ मारून गेली हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मी वाचताना तिथेच थांबले.

तुझ्या कोऱ्या कागदाचं म्हणशील तर घरात बसून काही होणार नाही. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गाची किल्ली स्वतःकडे ठेव आणि आठवड्यातून तीन दिवस दीड तास तिथेच बस. पहिल्या आठवड्यात चित्र भिकार होईल, होऊ दे. त्या तीन संध्याकाळी घरी कुकर कोण लावणार हे आजच ठरव आणि नवऱ्याच्या तोंडावर सांग. ‘बघू’ म्हणाला तर पुन्हा सांग.

आणि त्या रेघेचं चित्र कुणाला देऊ नकोस, विकूही नकोस. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रिणीला दहा दिवस डोंबिवलीला बोलाव. ‘घराकडे कोण बघेल?’ असं ती म्हणेलच. तिचा नवरा बघेल, दोन हात आहेत त्याला. ते चित्र टेबलावर काढून ठेव, शेजारी कोरा कागद ताणून लाव. पहिल्या दिवशी सवयीनं ती ओट्याशी येईल, तिला हाकलून दे. भाकऱ्या तू टाक. नाही जमल्या तर पोळीभाजी केंद्रातून आण, तुमच्या डोंबिवलीत त्यांना काय तोटा!