सापसुरळी घरात शिरलीय, मारू का?

प्रश्न : कालपासून घरात सापसुरळी शिरलीय, चकचकीत तपकिरी, फ्रिजमागे बसते आणि मी झाडू घेऊन गेले की सुळकन आत. विषारी असते म्हणतात, घरात लहान मूल आहे. मारून टाकू का?

उत्तर : अजिबात मारू नका हो! सापसुरळी विषारी नसते, अंग सापासारखं चकाकतं म्हणून बिचारीवर उगाच आळ येतो. फ्रिजमागे ऊब मिळते म्हणून ती तिथे बसलीय, बाकी काही नाही. झाडू आधी ठेवून द्या, कारण शेपटीला फटका बसला की शेपटी तुटून तिथेच वळवळत राहते आणि ही पसार होते, नवीन शेपटी येते नंतर, पण शेपटीत साठवलेली चरबी गेली म्हणजे तिची शिदोरीच गेली ना.

उद्या दिवसा मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा, आतली दारं लावून खालच्या फटीत जुने टॉवेल कोंबा आणि बाहेरचं दार सताड उघडा. बऱ्याचदा आपली आपण जाते. नाहीच गेली तर ती भिंतीच्या कडेकडेने पळते, तिथे प्लास्टिकचा डबा आडवा ठेवा आणि मागून पुठ्ठ्याने हळूहळू हाकला, आत गेली की पुठ्ठ्यानेच तोंड झाका. जवळच्याच झुडपात सोडा, लांब नको. हात साबणाने धुवा.

आणि उंदरांचा चिकट पॅड कृपया लावू नका, त्यात अडकून फार हाल होतात.