शपथ घेताना आवाज का फुटला नाही?

"ताई, मी नक्की कुठली?" दुसऱ्या देशात स्थिरावलेली माणसं हे मला सतत विचारतात. काहींकडे दोन पासपोर्ट असतात, तरी इथे परकं आणि तिथे पाहुणं वाटतं.

एक बाई आठवतात. दुसरं नागरिकत्व घेऊन चार वर्षं झाली होती, पहिलंही कायम होतं. तक्रारीला जागा नव्हती, पण जीव रमत नव्हता. समुपदेशनाची सुरुवातीची सत्रं 'इथे की तिथे' यातच गेली. मग मी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या दिवसाबद्दल विचारलं.

"ओठ हलवले. आवाज काढलाच नाही."

"का?"

बराच वेळ त्या रुमालाच्या घड्या घालत, मोडत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आईला ऐकू जाईल असं वाटलं."

आई हजारो मैलांवर होती. मला मात्र धागा तिथेच सापडला. प्रश्न देश निवडण्याचा नव्हताच, आईला टाकून आल्याची बोच होती.

"आत्ता आईला काय सांगाल?"

त्या मातृभाषेत बोलल्या. "मी इथे राहते गं. पण तुला टाकून नाही आले." या वेळी आवाज खणखणीत होता. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच, आणि मी ते जपून ठेवले आहेत.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांचं म्हणणं मला इथे पटतं. 'ओळख' हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा. ते स्वतः १९३३ मध्ये युरोपातून अमेरिकेत गेले, १९३९ मध्ये नागरिकत्वासोबत आडनावही बदललं. बदलांतूनही 'मी तोच' ही सलग जाणीव म्हणजे ओळख, असं ते मानत. ती पासपोर्टच्या संख्येने तुटत नाही. मनातलं गिळून टाकलं की तुटते. शिवाय एका माणसाला एकच राष्ट्रीयत्व असावं, हे राष्ट्रीयत्वाविषयीच्या १९३० च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराने लिहूनच ठेवलं होतं. एकाहून अधिक नागरिकत्वांना युरोपीय करारात नीट जागा मिळाली ती १९९७ मध्ये. तेव्हा हा अपराधीपणा सगळा तुमचाच आहे असं समजू नका.

'कुठले?' याला एका शब्दात उत्तर देऊ नका. जन्म कुठला, संसार कुठला, दोन्ही सांगा. मुलांना 'कोणता देश जास्त आवडतो?' असं तर कधीच विचारू नका. 'आई आवडते की बाबा?' इतकाच तो क्रूर प्रश्न आहे. झोप उडाली असेल, तर एकट्याने झुरू नका, कुणाशी तरी बोला.

शेवटच्या भेटीत त्यांनी मुलाच्या शाळेच्या अर्जाचं सांगितलं. देशासाठी चौकोन एकच होता. "दोन्ही नावं लिहिली," त्या म्हणाल्या. "अक्षर जरा बारीक काढावं लागलं."