हाउस म्हणजे घर नव्हे, वखार!

प्रश्न असा: 'एज ऑफ लव्ह' या १९९०च्या ट्रॅकचं कुणीतरी केलेलं 'हार्ड हाउस रीवर्क' ऐकलं, त्याला मराठीत 'कठीण गृह पुनर्रचना' म्हणावं का? आणि रीवर्क व रीमिक्स एकच का?

म्हणू नये. ती म्हाडाची योजना वाटते.

'हाउस' हा क्लबात नाचण्यासाठी वाजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार, 'हार्ड हाउस' त्याची एक जात. त्यातला 'हार्ड' चटकन उरकतो. लंडनच्या टर्नमिल्समध्ये 'ट्रेड' नावाचा क्लब रविवारी पहाटे भरे. तिथे टोनी डी विटसारख्या डीजेंनी नव्वदच्या दशकात हाउसचा वेग मिनिटाला १५० ठोक्यांच्या आसपास नेला आणि वर व्हॅक्यूम क्लीनरसारखा घोंघावणारा 'हूवर' नावाचा आवाज चढवला. झालं हार्ड.

खरी गंमत 'हाउस'मध्ये आहे. १९७७ साली शिकागोत 'द वेअरहाउस' हा क्लब निघाला. फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्डी वाजवायचा. त्या वेअरहाउसचं उरलं 'हाउस'. वेअरहाउस म्हणजे आपली वखार! सुरतेची, राजापूरची, शाळेत पाठ केलेली.

शब्दाचं डोकं उडवून शेपूट ठेवायची खोड इंग्रजीला जुनीच. लॅटिन 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातली 'बस' म्हणजे नुसत्या प्रत्ययाचा तुकडा. 'सर्वांसाठी'तलं 'साठी' तेवढं उचलून एसटीवर रंगवावं, तसं. फारसी कारवाँचा 'कॅरव्हॅन' झाला, त्याची 'व्हॅन' झाली, आणि ती आता आपल्या दारात पोरांना शाळेत न्यायला येते.

काही जाणकार ठासून सांगतात, घरी बसून केलेलं संगीत म्हणून हाउस. अहो, हाउसची पहिली रेकॉर्ड म्हणून जिचं नाव घेतात ती जेसी सॉन्डर्सची 'ऑन अँड ऑन' १९८४ची. नकल्सने वेअरहाउस त्याआधीच सोडलं होतं, आणि तिथे तो वाजवत होता ते मुख्यतः स्टुडिओत झालेलं डिस्को. म्हणजे नाव वखारीच्या काळातलं आणि घरगुती रेकॉर्डी नंतरच्या. यांच्या हिशेबाने बाळ जन्मायच्या आधीच बारसं झालं!

एका मित्राने 'घराणं' सुचवलं. गोड आहे, पण घराण्याला गुरू लागतो, गंडा लागतो; वखारीला मोठी रिकामी जागा पुरते. म्हणून माझा आग्रह 'वखारी संगीत' असा. हार्ड हाउस म्हणजे कडक वखारी. हसा खुशाल.

आणि तिथे वाजवतो तो डीजे हा माणूस असतो. 'मिरवणुकीत डीजे लावला' म्हणत टेम्पोवरच्या स्पीकरच्या भिंतीला ते नाव देणं आता पुरे.

रीवर्क? हां, राहिलंच. रीमिक्समध्ये मूळ मुद्रणाचे सुटे भाग, म्हणजे ठेका, बेस, गळा, हाती घेऊन नव्याने मिसळतात. रीवर्कमध्ये ओळखीची चाल ठेवून भोवतीची बांधणीच नवी करतात. सीमारेषा पुसट आहे: जॅम अँड स्पून या जर्मन जोडीने १९९२ साली याच ट्रॅकचं जे केलं त्याला सगळे रीमिक्सच म्हणतात, मीही म्हणतो. मात्र जुन्या गाण्याखाली ढोलकी ठोकून त्याला रीमिक्स म्हणणाऱ्यांशी माझं बोलणं बंद आहे.