बाबांची मारुती परस्पर विकू का?

"ताई, आमची 1999 ची मारुती 800 पार्किंगमध्ये गंजतेय. पासिंगची मुदत संपली, सोसायटीला जागा हवी आहे. बाबा 74 वर्षांचे. वर्षभरात त्यांनी ती चालवली नाही, पण रोज सकाळी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवतात. विषय काढला की उठून जातात. पुढच्या महिन्यात ते मिरजेला आत्याकडे जातील. भंगारवाला म्हणतो, पंधरा वर्षांवरची गाडी ठेवणं बेकायदा आहे; तेव्हा उचलतो, कागद नंतर बघू. देऊन टाकू का? – एक लेक, पुणे"

नको. परत आल्यावर गाडीचं दुःख राहील बाजूला, लेकीनं आपल्या माघारी उरकलं हेच बाबा मनात धरतील.

आणि हे परस्पर होण्यासारखं नाहीच. आरसी बाबांच्या नावावर असणार, सही त्यांचीच लागणार. "कागद नंतर बघू" म्हणणाऱ्याला तर फाटकातूनच परत पाठवा. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्या माथी येते. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये हे स्पष्ट केलंय. बेकायदा वगैरेही खोटं. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षांची बंदी दिल्ली परिसरातली. आपल्याकडे फिटनेस तपासणीत पास झाली तर पाच वर्षं वाढवून मिळतात.

पण फुकट नाही. वीस वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी 2025 पासून दहा हजार रुपये, वर पर्यावरण कर, विमा, आणि गंजलेल्या पत्र्याचं वेल्डिंग. हा हिशेब बाबांनाच करू द्या. ओळखीच्या मेकॅनिकला बोलवा, खर्च त्याच्या तोंडून ऐकू दे. आपल्यापेक्षा मेकॅनिकचं बापमाणसं जास्त ऐकतात.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत: बाबांनी चालवणं का सोडलं? डोळे, गुडघे, की तुम्हीच किल्ली काढून घेतली? 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 पहिल्यांदा बाजारात आली आणि स्कूटरवर चौघं कोंबून बसणारी किती घरं पहिल्यांदा काचेआडून पाऊस बघत गावी गेली. चालवणारा बाप तेव्हा कुणाला 'येतोस का' विचारणारा होता. आता त्याला 'सोडता का मला' म्हणावं लागतंय. गाडी गेल्यावर बँकेत, दवाखान्यात, मिरजेला त्यांना कोण नेणार, हे आधी ठरवा आणि त्यांना सांगा. मग गाडीवर बोला. (पाच मिनिटांत बॅटरी धड चार्ज होत नाही, हे मात्र आत्ता सांगू नका.)

भंगारात द्यायचं ठरलंच, तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, आणि बाबांना घेऊन जा. तिथे मिळणारं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, जपून ठेवा. नव्या गाडीची नोंदणी फी त्यावर माफ होते. आरटीओतली जुनी नोंद रद्द झाल्याची खात्री करा. विमा चालू असेल तर नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं पत्रही विमा कंपनीकडून मागून घ्या. ते बाबांच्याच नावावरच्या गाडीला चालतं, तेव्हा नवी कुणाच्या नावावर घ्यायची याचा विचार करा.