नातवाला गूळ सोसेना, आणि घर गुऱ्हाळाचं

"आमचं घरचं गुऱ्हाळ आहे. पुण्याच्या नातवाला साखर पचत नाही, कागदावर 'सुक्रोज' असं काहीतरी लिहिलंय. मधुमेह नाही म्हणे. म्हणून साखर टाळून मी त्याला चपातीबरोबर काकवी दिली. रात्रभर जुलाब! आता लेक म्हणते, दिवाळीला पोराचा डबा मीच आणीन. माझ्या हातचं इतकं नकोसं झालं का?"
– एक आजी, कोल्हापूर

ताई,

सुक्रोज म्हणजे आपली रोजची साखरच. गूळ-काकवीतही मुख्यतः तेच असतं, मग गूळ कितीही बिनरसायनाचा असो. ते फोडणारं विकर (एन्झाइम) नातवाच्या लहान आतड्यात कमी आहे. न फुटलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की पाणी ओढते, जिवाणू वायू करतात, आणि मग ती रात्र.

डब्याचं मनाला लावून घेऊ नका. त्या रात्री पोराला धुवायला लेकच उठली असणार. आजच फोन करा आणि 'काय काय चालतं, लिहून पाठव' म्हणा. भात-चपातीसुद्धा काही मुलांना जड जाते, तेही विचारा.

तुमच्याकडे मटण शिजतंच. वाटण आणि चटणी पडायच्या आधी हळद-मीठ-आल्यात शिजलेल्या मटणाचं पाणी, म्हणजे आपलं अळणी, वाटीभर काढून ठेवा. कोल्हापुरात पोरं वाढतात ती त्यावरच. तांबडा-पांढरा रस्सा तुम्ही ओरपा. पांढऱ्यात काजू-खोबरं असतं, त्यात थोडी साखर येतेच. गंगावेशीतलं धारोष्ण दूध तापवून चालावं, दुधातल्या साखरेचं विकर वेगळं. खीर करायची तर साधी ग्लुकोज पावडर घाला, स्वाद घातलेली नको, डब्यावरचं वाचून घ्या. फळांत गंमत आहे: द्राक्षं बहुधा सोसतात, आंबा, केळं नाही. गाजर, रताळंही बाजूला ठेवा.

आणि आपला हात! आमटीत गुळाचा खडा, चिवड्यात पिठीसाखर, हे आपण न बघताच टाकतो. त्याच्यापुरतं आधी काढा, मग टाका.

खोकल्याचं औषधही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, पुष्कळ सिरपांत साखर असते.

दिवाळीत गुऱ्हाळ पेटलेलं असेल, पोरगं रसाची उकळती काहील बघायला धावणारच. जाऊ दे त्याला, लांबून बघू दे. फक्त आजोबांना आणि गूळ करणाऱ्या गुळव्याला आदल्या दिवशीच बजावून ठेवा. कौतुकानं त्याच्या हातावर कोमट गूळ ठेवणारे पहिले तेच असतील.